गोगलगायींचं औषध

प्रयोगशाळेत बाईंना गोगलगाय म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ठाऊक होतं. बाकीचे सकाळी एक प्रयोग लावून दुपारी दुसऱ्याला हात घालत. या मात्र बाटली उजेडाकडे धरून बघणार, पुन्हा बघणार, मग कुठे पुढचा थेंब. त्यात गंमत अशी की त्या बनवत होत्या तेही गोगलगायी मारायचं औषध.

तळ्यातल्या चिमुकल्या गोगलगायींमुळे माणसांत एक रोग पसरायचा, आणि एका रानकंदाच्या रसाने त्या मरायच्या, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण त्या रसात सतराशे साठ द्रव्यं. त्यातलं मारतं कोण? बाईंचा संशय एका सॅपोनिनवर होता. सॅपोनिन म्हणजे झाडाचा साबणच म्हणा ना: एका अंगाला स्टेरॉइडचा तेलकट सांगाडा, दुसऱ्या अंगाला साखरांची साखळी. कंदातून ते निर्भेळ निघेना, म्हणून बाईंनी ते तुकड्या-तुकड्याने जोडून स्वतःच बनवायला घेतलं. त्याने गोगलगायी मेल्या तर संशय खरा. नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

"झालं का हो बाई?" साहेब रोज विचारत. विभागाचे प्रमुख ते. माणूस वाईट नव्हता, पण धीर म्हणून नाही. महिनाअखेर बाईंच्या प्रकल्पाची मुदत संपत होती, आणि वरच्यांना तोंड साहेबांना द्यायचं होतं.

शेवटची पायरी आली. नको तिथे जोड बसू नये म्हणून साखरांवर आजवर जणू झाकणं बसवून ठेवली होती, ती त्या दिवशी उतरली. आता द्रावण फिरत्या फ्लास्कमध्ये घालायचं, पंपाने हवा ओढायची आणि आटवायचं. साहेब पाठीशी येऊन उभे. "आज तरी जरा हात उचला हो!" आणि बाईंनी जन्मात पहिल्यांदा पंपाची तोटी एकदम पूर्ण उघडली. झाकणं होती तोवर हे खपलं असतं. आता ते साबण झालं होतं. फेस भसाभसा वर चढला, फ्लास्कची मान ओलांडून नळ्यांमध्ये शिरला.

"अरे देवा! गेलं सगळं!"

"फेस आलाय, साहेब," बाई म्हणाल्या. "म्हणजे झालंय ते." त्या हसल्या आणि त्यांनी पंप बंद केला.

नळ्या धुऊन निघालं ते पिवळट, सांध्यांना लावलेलं ग्रीस मिसळलेलं. साहेब म्हणाले, "चालेल की! गोगलगायींना काय कळतंय?"

"उद्या तुम्हीच म्हणाल, ग्रीसने मेल्या."

बाईंनी ते पुन्हा शुद्ध केलं, आपल्या चालीने. दर खेपेला थोडं कमी होत गेलं. शेवटी एका बशीपुरतं उरलं.

शेजारच्या इमारतीत त्यांची जीवशास्त्रवाली मैत्रीण होती. तिने ते गोगलगायींच्या एका बशीत घातलं, शेजारची दुसरी बशी नुसत्या पाण्याची ठेवली. पटापट सगळ्या शंखात शिरल्या. साहेबांनी टाळी वाजवली.

"थांबा हो," मैत्रीण म्हणाली. "नुसती घाबरली तरी ती आत जाते. आता साध्या पाण्यात ठेवू. उद्यापर्यंत बाहेर आली तर जिवंत."

घरी बाईंनी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "गोगलगायीनेच गोगलगायींवर उठावं म्हणजे कमाल झाली!" एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी नाही.

सकाळी औषध न घातलेल्या बशीतल्या गोगलगायी मजेत काचेवर चढत होत्या. बाईंच्या बशीतली एकही बाहेर आली नव्हती. मैत्रिणीने सुईने एकेक टोचून पाहिली आणि म्हणाली, "सगळ्या मेल्यात." बाईंना इतका आनंद झाला की त्या मेलेल्या जिवांपुढे त्यांना लाजच वाटली.

"वा! आता तळ्याच्या पाण्यात करून बघू," साहेब म्हणाले. "अजून किती आहे?"

"नाही. संपलं."

साहेबांनी रिकामी बाटली उचलून उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "मुदतीचं मी बघतो. पुन्हा करा. आणि बाई, सावकाश करा. घाई नाही."

आजवर कुणी बाईंचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

"तोटी मी उघडली, कबूल. पण हे त्या दिवशी म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

बाईंनी खुंटीवरचा एप्रन काढून अंगात घातला.

"करते," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पाठीशी उभं राहायचं नाही."