पासिंगची नळी

अंधेरीच्या आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय होती. ब्रेकला तो तारेच्या जाळीची भक्कम नळी बसवायचा. ती त्या काळी कायद्यात बसत नसे, म्हणून आरटीओच्या पासिंगपुरती ती काढून आपल्याकडची जुनी रबरी नळी लावून द्यायचा. "पासिंग झालं की सरळ इकडे ये. सरळ इकडे."

एक टॅक्सीवाला आला नाही. पासिंगहून परस्पर भाडं घेऊन निघाला, उतारावर नळी फुटली आणि एक बाई चाकाखाली गेली.

मी तेव्हा मिस्त्रीच्या हाताखाली होतो; तो मला सोबत घेऊन चौकीत गेला. "साहेब, फुटलेली नळी माझी होती."

हवालदाराने टॅक्सीचे पासिंगचे कागद चाळले. "ब्रेक ठीक, असं लिहिलंय यात. तू जा."

"नळी माझी होती," मिस्त्री म्हणाला.

दोनदा सांगूनही कोणी लिहून घेतलं नाही.