उतरंडीवरचा पेला

"कुलूप घातलंयस तू ह्याला. खरं सांग." गुरुलिंगनं तिसऱ्यांदा विचारलं आणि हातातल्या दोन फ्लॉप्या शिवकन्येसमोर टेबलावर आपटल्या.

"फ्लॉपीला कुलूप नसतंय," शिवकन्या म्हणाली. "आन ह्या तुमच्या हातात आल्या कशा ते आधी सांगा. सकाळी मी आत्याबाईंच्या कपाटात ठेवल्या होत्या."

"विषय बदलू नको."

"विषय तोच हाय."

"चारचौघांत इज्जत गेली माझी. एवढ्या मोठ्या क्लासचे मालक समोर बसलेले, चार नवे कॉम्प्युटर मांडलेले. मी म्हणलो, हे घ्या, अकराशे प्रश्न, केमिस्ट्रीचे, धडावार लावलेले. शिवशंकरनं फ्लॉपी घातली, तर मशीन म्हणतंय, फ्लॉपी कोरी हाय."

"कोरी न्हाई. ह्या मशीनची फ्लॉपी त्या मशीनला वाचता येत न्हाई. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मग काय केलं शिवशंकरनं?"

शिवशंकर हा गुरुलिंगच्या थोरल्या भावाचा मुलगा. मागच्याच वर्षी कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झालेला. गुरुलिंग खिडकीबाहेर बघू लागला.

"मशीननं विचारलं, तयार करू का म्हणून. त्यानं 'हो' दाबलं."

"दोन्हीला?"

"दोन्हीला."

शिवकन्येनं फ्लॉप्या उचलल्या. एकीवर तिच्या हातचं 'सुरू' असं लिहिलेलं होतं. दुसरीवर 'प्रश्न' लिहिलेली चिठ्ठी होती, ती कुणीतरी नखानं खरवडून काढली होती आणि तिथं नवी, टाइप केलेली चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठीवर शिवशंकरचं नाव होतं, पुढं पदवी.

"'हो' दाबलं की आतलं सगळं पुसून जातंय," ती म्हणाली. तिच्या मागे टीव्हीचा पडदा पांढरट उजेडात चालू होता. त्याच्याकडे गुरुलिंगचं लक्ष नव्हतं.

शिवकन्या औसा तालुक्यातली. बारावी झाली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा झाल्या आणि लग्न होऊन लातूरला आली. गुरुलिंग ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा आणि घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी घ्यायचा. भूकंप झाला तेव्हा त्यांची उज्वला सात वर्षांची होती. मदत छावणीत याद्या टाइप करायला माणसं हवी होती, तेव्हा शिवकन्या रोजंदारीवर गेली. पत्रे किती, तंबू किती, कुठल्या गावात किती माणसं उरली. शेजारच्या टेबलावर नांदेडहून आलेली, तिथं टायपिंगचा क्लास चालवणारी नाझनीन होती. दोघी चार महिने एकाच डब्यातून जेवल्या.

मशीन त्या छावणीतलंच. परदेशी पथकातला एक इंजिनियर ते घेऊन आला होता. बटणं आणि मशीन एकाच खोक्यात, टीव्हीला जोडायचं, उजव्या बाजूला फ्लॉपीची एकच खाच. त्याच्या देशात ते घरोघरी मुलं खेळायला वापरत आणि तेव्हाच ते जुनं झालेलं होतं. परत जाताना तो ते शिवकन्येला देऊन गेला, कारण मशीनबरोबरचं जाडजूड पुस्तक उघडून बघणारी ती एकटीच होती. तिनं मशीन सुरू करायच्या फ्लॉपीची एक नक्कल काढून नाझनीनला दिली. "तुझ्याकडे काही झालं तर माझ्याकडे राहील," नाझनीन म्हणाली होती.

छावणीची धूळ त्या खाचेत गेली होती. घरी आल्यावर फ्लॉपी घातली की आतून खर्र खर्र आवाज येई. पाच वेळा घातली तर एकदा लागे. लातुरात कुणी दुरुस्तीला हात लावेना. शिवकन्येनं पुस्तकात उपाय शोधला. मशीनच्या मेमरीतला एक तुकडा बाजूला काढायचा आणि मशीनला सांगायचं, हीच फ्लॉपी समज. पुस्तकात त्याला रॅम डिस्क म्हटलं होतं. सुरू व्हायला लागणाऱ्या आणि कामाच्या फाइली सकाळी एकदा त्या तुकड्यात उतरवून घ्यायच्या. मग फ्लॉपी काढून ठेवायची, तीन बटणं एकदम दाबायची, की मशीन त्या तुकड्यावरूनच पुन्हा उभं राहतं. दिवसभर खाचेला हात लावायला नको.

तुकडा केवढा काढायचा, तो आकडा आपण लिहून द्यायचा असे. जास्त लिहिला तर मशीनला काम करायला जागा उरेना, कमी लिहिला तर फाइली मावेनात. शिवकन्या शब्दकोश मांडीवर घेऊन सोळा दिवस आकडे बदलत राहिली. सतराव्या दिवशी तिनं फ्लॉपी काढली, तीन बटणं दाबली. पडदा काळा झाला, मग पांढरा झाला आणि खाच रिकामी असताना मशीन सुरू झालं.

त्या वेळी घरात सासूच होती, गौरम्मा; शिवकन्या तिला आत्याबाई म्हणे. तिला सांगितलं.

"कोठीतून सकाळी एकदा पीठ काढायचं, परातीत घ्यायचं आन दिवसभर परातीतल्या पिठाच्याच भाकरी करायच्या. कोठीचं झाकण सारखं उघडायचं न्हाई."

"आन परात पालथी झाली तर?" गौरम्मानं विचारलं.

"लाईट गेली की होतीच पालथी. म्हणून मधून मधून कोठीत परत टाकायचं."

गौरम्माला पटलं.

अडचण गौरम्माचीच होती. तिची धाकटी बहीण तारामती भूकंपात भिंतीखालून जिवंत बाहेर आली आणि ढिगाऱ्यात लोंबणाऱ्या विजेच्या तारेला हात लागून गेली. तेव्हापासून गौरम्मानं स्वयंपाकघराच्या फळीवर सात भांड्यांची उतरंड रचली आणि तिच्या टोकावर स्टीलचा पेला पालथा घातला. जमीन हलली की पेला पडणार. पेला पडला की मेन स्विच खाली आणि माणसं अंगणात. कधी खरंच धक्का असे, बऱ्याचदा मांजर असे. पहिल्याच महिन्यात मांजरानं शिवकन्येचे चाळीस प्रश्न घालवले. ती रडली. तेव्हा दोघींनी ठरवलं: पेला पडला की गौरम्मानं स्विचवर हात ठेवायचा, हाक मारायची आणि थांबायचं. शिवकन्या फ्लॉपीत उतरवून घेईल आणि म्हणेल, करा बंद. मगच बंद.

गौरम्मानं हा शब्द कधी मोडला नाही. एकदा खरोखरचा धक्का होता, भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं, तरी ती स्विचवर हात ठेवून हाकेच्या उत्तरासाठी उभी राहिली. त्या दिवसापासून शिवकन्या फ्लॉप्या तिच्याच कपाटात ठेवू लागली. किल्ली गौरम्माच्या कमरेला.

तेवढ्यात लातूरला शिकवण्यांचा पूर आला. परजिल्ह्यांतली पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली. प्रश्नसंच ज्याच्याकडे जास्त, त्याच्याकडे पोरं जास्त. गुरुलिंग वर्गातून आल्यावर दोन-चार प्रश्न सांगे, बाकीचे शिवकन्या जुन्या पेपरांतून आणि पुस्तकांतून काढी, धड्याप्रमाणे लावी, उत्तरं तपासून घेई. पुढं पुढं चुकीचं उत्तर तिलाच आधी दिसे. "अकराशे होऊ दे," गुरुलिंग म्हणाला होता, गळ्यातल्या लिंगाला हात लावून, आईसमोर. "अकराशे झाले की पुढची खोली तुझी. पोरींना कॉम्प्युटर शिकव." गल्लीतल्या चार पोरींनी नावं दिली होती. पत्र्याची पाटी रंगवून झाली होती, ती कपाटामागं भिंतीकडं तोंड करून उभी होती. अकराशेवा प्रश्न गेल्या रविवारी झाला.

"म्हणजे गेलं सगळं." गुरुलिंग खाटेवर बसला. "तीन वर्षांची मेहनत माझी."

"गेलं न्हाई," शिवकन्या म्हणाली. तिनं टीव्हीकडे बोट केलं. "सकाळी सगळं मेमरीत घेतलंय. हाय तिथंच."

गुरुलिंग उठला. पडद्याजवळ जाऊन वाकून बघितलं, जणू अकराशे प्रश्न तिथं डोळ्यांना दिसणार होते.

"अगं मग उतरव की! ह्याच फ्लॉपीवर उतरव पुन्हा." दिवाळीनंतर त्याचा आवाज एवढा मऊ झाला नव्हता. "उद्या ही टीव्ही-मशीन सगळंच टेम्पोत घालून तिकडं नेऊ. त्यांना छापून देऊ. आई, शिवकन्याला चहा टाक गं."

"हे नाव कुणी चिकटवलं?"

"काय?"

"फ्लॉपीवर. शिवशंकरचं."

"अगं ते होय." तो हसला. "घरातल्या बाईनं केलंय म्हणलं तर मोठ्या क्लासवाले इचारतील का? त्यांना कॉम्प्युटरचा माणूस पायजे होता. शिवशंकर तिथं नोकरीला लागला, मला भागी मिळाली. नाव कुणाचं का असंना, घरातच ऱ्हातंय ना?"

"आन पुढची खोली?"

"खोलीचं काय? तुझीच हाय. मी कधी न्हाई म्हणलो का?" त्याचा हात गळ्याशी गेला.

"गुरू!" गौरम्मा चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती. "लिंगाला हात लावून खोटं बोलू नको, बाबा. शिवा शिवा. सांगून टाक तिला. आज न्हाई उद्या कळणारच की."

"काय कळणार?" शिवकन्येनं सासूला विचारलं.

गौरम्मानं कपबशी टेबलावर ठेवली. "जूनपास्न आठ पोरं येणारेत त्या खोलीत ऱ्हायला. क्लासचीच. जेवण आपल्याकडं. बाहेरची बाई कशाला लावायची? तू हायस, मी हाय. सकाळ-संध्याकाळ भाकरी टाकायच्या म्हणल्यावर तुला मशीनपाशी बसायला कुठं येळ मिळणाराय?"

"कधी ठरलं हे?"

"संक्रांतीला."

"तुमाला तवापासून म्हाईत हाय?"

गौरम्मानं कपबशी तिच्यापुढं सरकवली.

"आन कपाटाची किल्ली?"

"त्यानं मागितली, मी दिली. लेक हाय माझा. तुझं काय आन त्याचं काय, घर एकच न्हाई का?"

संक्रांतीपासून तीन महिने. त्या तीन महिन्यांत शिवकन्येनं शेवटचे दोनशे प्रश्न घातले होते. रोज दुपारी गौरम्मा शेंगा फोडत टेबलाशी बसायची आणि उठताना विचारायची, "किती झाले गं आज?" शिवकन्या आकडा सांगायची. तिला वाटायचं, एवढ्या घरात एक माणूस आहे जे विचारतंय.

"चहा घे," गौरम्मा म्हणाली. "निवतोय."

"आधी उतरव," गुरुलिंग म्हणाला. "लाईटचा भरवसा न्हाई."

शिवकन्या उठली. फ्लॉपी टेबलावरच राहिली. ती गौरम्माच्या बाजूनं स्वयंपाकघरात गेली. उज्वला सकाळची शाळा करून आली होती, पाटावर बसून कैरीची फोड मिठात बुडवत होती. शिवकन्येनं फळीकडं हात वर केला आणि उतरंडीवरच्या पेल्याला एका बोटानं ढकललं.

पेला फरशीवर पडला, दोनदा उडाला आणि चुलीपाशी जाऊन थांबला.

गौरम्मा वळली ती विचार करून नाही. साडेतीन वर्षं ती त्या आवाजाला जशी वळत आली होती तशीच वळली. बोळीतल्या मेन स्विचवर तिचा हात गेला.

"शिवकन्या!"

"आई, हात काढ!" गुरुलिंग ओरडला. "धक्का न्हाई, काही न्हाई, हिनं पाडला! मी बघितलं!"

गौरम्मानं स्विच सोडला नाही. तिला लेकाचं ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. ती सुनेच्या तोंडाकडे बघत थांबली होती, ठरल्याप्रमाणे.

"करा बंद, आत्याबाई," शिवकन्या म्हणाली.

खट्ट. टीव्हीच्या मध्यावर एक ठिपका राहिला, तोही गेला. पंखा दोन फेरे घेऊन थांबला. गौरम्मा उज्वलाचा हात धरून अंगणात निघून गेली.

गुरुलिंगनं धावत जाऊन स्विच वर केला. पडदा उजळला. पांढऱ्या पडद्यावर फ्लॉपी धरलेल्या हाताचं चित्र आलं. मशीन फ्लॉपी मागत होतं. त्यानं 'सुरू' लिहिलेली फ्लॉपी खाचेत घातली. खर्र खर्र झालं. पुन्हा तोच हात. त्यानं दुसरी घातली. पुन्हा पहिली घातली.

"तीन वर्षं गं," तो म्हणाला. "तुझीबी गेली की. तुला काय मिळालं?"

शिवकन्येनं बटण बंद केलं, वायर काढून कोपरापासून पंजापर्यंत गुंडाळली. कपाटामागची पाटी ओढून बाहेर काढली आणि मशीनशेजारी उभी केली. कपबशी उचलून चहा मोरीत ओतला. मग ती दारात आली, जिथून अंगणातल्या दोघी आणि खोलीतला एक, तिघांनाही ऐकू जाईल.

"उद्या सकाळच्या गाडीनं मी नांदेडला जाणार. उज्वला आन मशीन माझ्यासंगं. नाझनीनच्या टायपिंगच्या क्लासात शिकवणार, सुरू करायची फ्लॉपी हाय तिच्याकडं. जूनपास्न आठ पोरांच्या भाकरीला बाई बघा."