दोन्हींचा सांभाळ

शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांच्या बायकोचं मणक्याचं दुखणं इतकं वाढलं, की तिला गाडीच्या इंजिनाची थरथरही सोसेना. म्हणून मास्तरांनी घरी चार्ज होणारी हायब्रिड गाडी घेतली. दवाखान्यापर्यंत ती बॅटरीवर बिनआवाज जाई. "आज वाटेत मला चक्क डोळा लागला हो," बायको कौतुकाने सांगे.

ती गेली आणि गाडी नुसतीच उभी राहिली. शेवटी मास्तरांनी ती गॅरेजात नेली.

"पेट्रोल गाडीला इंजिन सांभाळायचं, इलेक्ट्रिकला बॅटरी," मेकॅनिक म्हणाला. "हिला दोन्ही. फिरवली नाही तरी ऑइल बदलायचं, बॅटरीचं कूलंट बघायचं. टाकीतलं पेट्रोलही जुनं झालंय. एकट्या माणसाला हा पसारा कशाला, मास्तर? विकून टाका."

मास्तरांना ते पटलं. लवकरच गिऱ्हाईक मिळालं. मास्तरांनी गॅरेजातच त्याला गाडी दाखवली आणि देखभालीचं सगळं खरंखरं सांगितलं.

"ही बाजूची सीट एवढी आडवी का?" गिऱ्हाईकाने विचारलं.

"थांबा, सरळ करून देतो." मास्तर वाकले, खटक्यावर हात ठेवला आणि तसेच राहिले.

"असू द्या काका, मी करतो," तो हळूच म्हणाला.

मास्तरांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि ते पायीच घरी निघाले.