साडीचे लंगोट

आमच्या कॉलनीत माझी मोठी ख्याती आहे. सकाळी मी गच्चीवर नातीचे लंगोट वाळत घालतो, तेव्हा समोरच्या बाल्कनीतल्या बाई नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "बघा, याला म्हणतात आजोबा!" नवरा बिचारा पेपर आणखी वर धरतो. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार करायचं घाटत होतं. मी टाळलं. लोकांना तो विनय वाटला. खरी गोष्ट वेगळी आहे.

नातीला डायपरने पुरळ उठलं. घंटागाडीवाल्याचीही रोज कुरकुर असायची, डायपर वेगळे बांधून द्या म्हणून. शेवटी सूनबाईने कापडी डायपर मागवले. टिचबटणांचे, वर हत्तींची चित्रं, आत घालायला जाड पट्ट्या. नवं कापड चार-पाचदा धुतल्याशिवाय ओल शोषत नाही, म्हणून ती ते धुवत होती, वाळवत होती, पुन्हा धुवत होती. मी सोफ्यावर बसून व्याख्यान देत होतो.

"आमच्या वेळी कुठे होते हे हत्ती? जुनेर फाडायचं, लंगोट शिवायचे. वाढलीच ना पोरं?"

"बाबा, तुम्ही स्वतः किती लंगोट बदललेत?"

प्रश्न गैरसोयीचा होता. माझ्या दोन मुलांच्या वेळी लंगोट आपोआप ओले होत, आपोआप धुतले जात आणि दोरीवर आपोआप वाळत. मी कामावरून घरी येईपर्यंत त्यांच्या घड्याही झालेल्या असत.

मला तो प्रश्न झोंबला. जुनेर शोधूनच दाखवतो म्हणालो. जुनेर म्हणजे वापरून वापरून मऊ पडलेली सुती साडी. पण आमच्या घरात सुती उरलंच होतं काय? माझे शर्ट टेरिकॉटचे, मुलाचे टी-शर्ट घाम न शोषणारे, सूनबाईच्या साड्या न चुरगळणाऱ्या. शुद्ध सुती म्हणावं असं एकच, फरशी पुसायचं फडकं. मग मी बायकोचं कपाट उघडलं. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती, कपाट तसंच होतं. हाताला सगळ्यांत मऊ लागली ती साडी ओढली. जांभळी, मोहरीच्या रंगाचे काठ. दाताने काठ तोडला आणि टर्रकन फाडली. कोपऱ्यावरच्या टेलरकडून बंद लावून लंगोट शिवून आणले आणि विजयी मुद्रेने सूनबाईपुढे ठेवले.

तिने एक हातात घेतला आणि तिचा चेहरा बदलला. "बाबा, ही आईंची ना? ताईंना विचारलंत?"

"मुलीला काय विचारायचं? माझ्या बायकोची साडी."

"एक फोन तरी करा."

"तू घाल गं."

लंगोट अप्रतिम निघाले, हे मान्य करायलाच हवं. पुरळ गेलं, हत्ती कपाटात गेले आणि मी येईल-जाईल त्याला जुन्या काळाची थोरवी ऐकवू लागलो.

मग बारसं आलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून माझी मुलगी पुण्याहून आली. पाळण्यात घालण्याआधी तिने नातीला मांडीवर घेतलं. नातीने मांडी ओली केली. हसत हसत मुलीने झबलं वर केलं आणि तिचं हसू थांबलं.

"वहिनी, ही आईची साडी आहे."

पाळण्याभोवती जमलेल्या बायकांनी माना वळवल्या.

"मी मागून ठेवली होती ही. बाबा ठेवतो म्हणाले होते. तुमच्या नांदगावला सासूच्या साड्या अशा फाडतात का?"

तेव्हा मला आठवलं. बायकोच्या तेराव्याला मुलीने काहीतरी मागितलं होतं आणि मी मान हलवली होती. मला काय, साडी म्हणजे साडी. इतकी वर्षं ती नेसून बायको माझ्यासमोर वावरली होती. ती ओळखायला मला बारसं लागलं.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या बाईंकडे वळून विचारलं, "घुगऱ्या घेतल्यात ना?"

मुलीने नातीच्या कानात नाव सांगितलं आणि न जेवता पुण्याची बस धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने माझ्या खुर्चीजवळ लंगोटांची बादली आणून ठेवली.

"बाबा, तुम्हाला बोलता येत नाही ते काल कळलं. धुता येतं का बघू."

पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल बांधला. तिने तो सोडवून बादलीतच टाकला. आधी घाण संडासात झटकायची, मग गार पाण्यात भिजवायचं, साबण बेताचा, आणि डाग उन्हात जाऊ द्यायचे, हे सगळं मी या वयात शिकलो. हीच माझी ख्याती.

वाटलं होतं, मुलीचा राग निवळेल. पण भाऊबीजेला ती नाशकात आली आणि भावाला हॉटेलात बोलावून ओवाळून गेली, घरी वहिनी आहे म्हणून. मुलगा कपाळावर कुंकू आणि हातात पार्सल घेऊन घरी आला. सूनबाईने ते पार्सल न उघडता फ्रिजमध्ये ठेवलं. तेव्हा मी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

मुलगी म्हणाली, "फाडलीत, ते एक असो. पण मी वहिनीचं माहेर काढलं चारचौघींत, आणि तुम्ही घुगऱ्या वाटत बसलात?"

"चुकलं माझं."

"हे मला फोनवर काय सांगता? वहिनीशी मी बोलते. त्या बायकांशी तुम्ही बोला. नातीच्या वाढदिवसाला सगळ्यांना बोलवा."

चारचौघींत माझी जीभ कशी वळते ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून हे लिहून काढलं. सूनबाईने वाचलं आणि एकच दुरुस्ती सुचवली: "एक फोन करा म्हटलं होतं, ते जरा सावकाश वाचा."

वाढदिवस रविवारी आहे. मुलगी शनिवारीच मुक्कामाला येते आहे. हे तिने वहिनीला कळवलं, मला नाही. कागद हातात धरला तरी चालेल, पण वाचायचं उभं राहून, असं दोघींनी परस्पर ठरवलं आहे.