पायरीवर ठेवलेलं ताट

आमच्याकडे पाहुणे आले आणि इंग्लंडचा विषय निघाला, की माझा नवरा पाघळतो. ते दगडी घर, समोरचं हिरवंगार मैदान, रविवारची चर्चची घंटा. "खलास, स्वर्ग होता स्वर्ग," म्हणतो आणि डोळे मिटतो. मी स्वयंपाकघरात चहा उकळत असते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात असते. कारण त्या स्वर्गात हा राहिलाच नाही. हा सकाळी गाडी काढून ऑफिसला जायचा आणि अंधार पडल्यावर उगवायचा. राहिले ती मी.

गेल्या शनिवारी आमच्या इथल्या, दुबईतल्या अल बर्शाच्या बिल्डिंगमधलं एक तरुण जोडपं आलं होतं, पुण्याचं. त्याची कंपनीने इंग्लंडला बदली केलीय, अशाच एका चिमुकल्या गावाजवळ. ती इथे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, नोकरी चांगली आहे. ती सोडून त्याच्याबरोबर जायचं की नाही हे ठरेना, म्हणून दोघं आम्हाला विचारायला आले. म्हणजे विचारायचं होतं तिला, बोलत होता तो. मी तिला म्हटलं, तिथे दिवसभर काय करशील गं? उत्तर त्याने दिलं. थंडी सोसेल का? तेही त्यानेच सांगितलं. माझा नवरा त्याला मोबाइलवर फुलांचे ताटवे दाखवण्यात गुंग.

मग तो पोरगा म्हणाला, "ती जरा शाय आहे. तिचं मी बघून घेईन."

चहाचा ट्रे मी टीपॉयवर आपटलाच. हे वाक्य मला पाठ आहे.

त्या गावात आम्ही दोन वर्षं होतो. गाव म्हणजे एक रस्ता, एक दुकान, एक पब. बस कधीमधी यायची, रविवारी तीही नाही. मला गाडी चालवता येत नव्हती. दुकानात गेलं की लोक हसायचे, आज ऊन पडलंय असं माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलायचे, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, आणि मी तोंड उघडायच्या आत वाटेला लागायचे. पहिल्या दिवाळीत मी शेजारच्या आजीला ताटभर करंज्या आणि चकल्या नेऊन दिल्या. दोन दिवसांनी दार उघडलं तर पायरीवर माझं ताट. घासूनपुसून लख्ख, वर एक थँक्यू कार्ड, आणि रिकामं. बेलसुद्धा वाजवली नाही बाईने. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी त्या अख्ख्या गावाला मराठीत शिव्या घातल्या, चांगल्या मोठ्याने. ऐकायला होतं कोण? त्या हिवाळ्यात नवरा घरी येईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द फुटायचा नाही, असे कितीतरी दिवस गेले.

दुसऱ्या हिवाळ्यात कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ढकलत नेताना मी बर्फावरून घसरले आणि मनगट मोडलं. नवरा मीटिंगमध्ये, फोन बंद. कळा सोसेनात, तेव्हा त्याच आजीची बेल दाबली. तिने काहीही न विचारता कोट चढवला आणि मला आपल्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. तिथे नंबर लागेपर्यंत आम्ही बोलत बसलो. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिला चकली कशी पाडतात ते सांगितलं, तिने आपल्या गेलेल्या नवऱ्याचं आजारपण सांगितलं.

"तुम्ही तर छान बोलता," ती म्हणाली. "तुमच्या नवऱ्याने सांगितलं होतं, तुम्हाला इंग्रजी येत नाही, कोणी आलं की तुम्ही घाबरता. तुम्हाला एकटंच बरं वाटतं. म्हणून आम्ही कोणी त्रास दिला नाही."

गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात, पबमध्ये बसून, याने गावाला सांगून ठेवलं होतं. मराठी मीडियमची बायको, उगाच चारचौघांत फजिती नको. ती माणसं सभ्य, त्यांनी ऐकलं. इतकं ऐकलं की ताटसुद्धा चोरपावलांनी ठेवून गेली.

त्या दिवशी प्लास्टरमधला हात घेऊन मी जी भांडले, तशी जन्मात भांडले नव्हते. "अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं," हा म्हणाला. आणि आता याच्या आठवणीत ते भांडण कसं राहिलंय माहितीय? हात मोडला तेव्हा दुखण्यामुळे ही जरा चिडचिडी झाली होती, असं.

हे सगळं मी शनिवारी त्या पोरीला सांगितलं. नवरा मध्येच "जाऊ दे ना आता" म्हणाला. ते विचारायला आलेत ना, मग ऐकू देत, असं म्हणून मी पुढे बोलत राहिले. गाव वाईट नव्हतं, हेही सांगितलं. नंतर ती आजी रोज दुपारी बेल वाजवून यायची, कधी केक घेऊन, कधी नुसतीच. ती आली की मला आनंद व्हायचा आणि गेली की संताप, कारण हे पहिल्या दिवसापासून होऊ शकलं असतं. दुबईला आल्यावर मी पहिल्यांदा ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे लागले. कितीदा नापास झाले, पण काढलं. आज एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसते, दिवसभर इंग्रजी, हिंदी आणि कामापुरतं अरबी बोलते. मला बघून कोणी घाबरत असेल तर असेल.

पोरगी माझ्याकडे एकटक बघत होती. तिचा चहा तसाच गार झाला.

निघताना दारात माझ्या नवऱ्याने त्यांची समजूत काढली, माझ्यादेखत. "मनावर घेऊ नका हं. हिला तिथली हवा मानवली नव्हती."

तिच्या नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. आम्ही विचार करून कळवतो काका, असं तो म्हणत होता, तेवढ्यात पोरगी सँडलचा पट्टा लावून सरळ उभी राहिली.

"तू पुढे जा," ती त्याला म्हणाली. "आधी माझं लायसन्स होऊ दे. मग यायचं की नाही ते मी सांगेन."

तो माझ्या नवऱ्याकडे बघायला लागला. माझा नवरा लिफ्टचं बटण दाबत राहिला.