फुलाच्या आठवड्याचं पुस्तक

माझं मराठी वाचन कच्चं होतं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पाचव्या वर्षापासून मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये. तिथं मराठीचे तास आठवड्याला दोन, त्यातलाही एक बहुतेक वेळा शिवणकामात जायचा. घरी, शहापुरात, बोलणं सगळं मराठी, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. वडील पाहुण्यांसमोर माझ्याकडून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून घ्यायचे. मराठी वाच असं कुणी कधी म्हटलं नाही. जी इंग्रजी घडाघडा वाचते तिला मराठी येणारच, असं सगळे धरून चालले होते, आणि मी त्यांना धरू दिलं.

लढाई सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी पंधरा वर्षांची होते. आमच्या गल्लीजवळच्या वाचनालयात, मुलींच्या शाळेतल्या एका बाईंनी युक्ती काढली. सुनांना घरात वाचत बसू देत नाहीत, पण नेमाला कुणी नाही म्हणत नाही. चातुर्मासात कुणी कांदा सोडतं, कुणी एकवेळ जेवतं. तसाच हा वाचनाचा नेम. आषाढी ते कार्तिकी, सोळा आठवडे, आठवड्याला एक पुस्तक, आणि प्रत्येक आठवड्याला वेगळी अट. बाईंनी अटींचे कागद स्वतःच्या हातानं लिहून घरोघर दिले. एका आठवड्यात कुणा लेखिकेनं लिहिलेलं पुस्तक वाचायचं, एका आठवड्यात नदीकाठी घडणारं. एक अट अशी होती की, सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवता येईल असं पुस्तक. ती ऐकून आमच्या माडीवर जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

वहिनीनं तो नेम धरला.

वहिनी निपाणीची. तिथं मराठी पाचवीपर्यंत शिकलेली. अण्णाशी, माझ्या थोरल्या भावाशी, लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. त्या वर्षी माघात तिची मुलगी गेली, सात महिन्यांची, तीन दिवसांच्या तापानं. पाळणा माळ्यावर गेला, दुपटी कामवालीला दिली. आईनं सगळ्यांना बजावलं, की गेलेल्या लेकराला हाक मारायची नाही, त्यानं पुढच्याला बाधतं. मग त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. आईनं नाही, अण्णानं नाही, मीही नाही. वहिनी पूर्वीसारखीच उठायची, सडा घालायची, भाकरी थापायची. फक्त काही विचारलं तर उत्तर यायला थोडा वेळ लागायचा.

"वाचायचा कसला गं नेम?" आई म्हणाली. मग वहिनीकडं बघून, "बरं, धर. जिवाला काहीतरी लागतंच. पुस्तकं ही आणंल, हिचं शिकलेल्याचं तेवढं तरी सार्थक होऊ दे."

ही म्हणजे मी. दर मंगळवारी शाळेतून येताना मी वाचनालयात जायची आणि त्या आठवड्याच्या अटीत बसणारं पुस्तक निवडायची. निवडायची म्हणजे कपाटासमोर उभी राहून पुस्तकांची नावं एकेक अक्षर लावत वाचायची. आतलं पान वाचून बघायचं तर अर्धा तास गेला असता, आणि टेबलाशी बसलेल्या मास्तरांना कळलं असतं. त्यामुळे मी नावावरून ठरवायची आणि पुस्तक चाळल्यासारखं करायची. घरी गेल्यावर वहिनी विचारायची, "कसलं हाय हो, वन्सं?" मी म्हणायची, "वाचून बघा ना, आत्ताच सांगितलं तर काय मजा?"

ती मागच्या दारी, हौदाच्या कट्ट्यावर बसून वाचायची. दुपारी भांडी झाल्यावर आई लवंडली की तासभर. पुढं पुढं तिची उत्तरं लवकर यायला लागली. एकदा नदीच्या पुस्तकातला नावाडी कसा बोलतो ते तिनं मला करून दाखवलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की आई उठून बघायला आली. मला बहीण नाही. शाळेतल्या मुलींमध्ये मी गप्प असायची. त्या दोन महिन्यांत वहिनी माझी झाली असं मला वाटत होतं, आणि ते जाईल याचीच भीती वाटायची.

नवव्या आठवड्याची अट होती, ज्याच्या नावात फूल आहे असं पुस्तक.

"आज काय पायजे?" मास्तरांनी विचारलं.

"फूल."

"फूल? मग बागेत जायचं की गं, हितं कशाला आलीस?"

मी ओशाळून कपाटाकडं वळले. फुलांच्या नावाची तीन-चार पुस्तकं होती. त्यातलं एक मी उचललं, कारण त्याच्या नावात एकही जोडाक्षर नव्हतं. दुसरं कारण नव्हतं.

तीन दिवसांनी मी शाळेतून आले तर वहिनी कट्ट्यावरच होती. चुलीवर चहाचं आधण ठेवायची वेळ टळून गेली होती. पुस्तक मांडीवर उघडं.

"वन्सं, हे तुम्ही आधी वाचलं व्हतं?"

नाही म्हटलं असतं तर आठ आठवड्यांचं सगळंच उघडं पडलं असतं. "हो तर," मी म्हणाले. "म्हणून तर आणलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. इतका वेळ माझ्याकडं कुणी बघितलेलं मला आठवत नाही. मग पदरात तोंड घालून ती रडायला लागली. मुलगी गेली तेव्हासुद्धा ती रडलेली मी पाहिली नव्हती. मला काय करावं कळेना. मी ते उघडं पान अक्षर लावत वाचलं. पुस्तकातलं फूल म्हणजे एका लहान मुलीचं नाव होतं, आणि त्या पानावर ती मुलगी गेली होती.

मी तिथून आत निघून गेले.

पुढच्या मंगळवारी वहिनीनं ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "हेच परत लिहून आणा." त्याच्या पुढच्याही मंगळवारी तेच. वाचनालयाचा नियम असा की पुस्तक समोर आणून दाखवल्याशिवाय पुन्हा नावावर चढवायचे नाहीत. त्यामुळे दर आठवड्याला ते माझ्या दप्तरातून शाळेत जायचं, तिथून वाचनालयात आणि परत घरी. मास्तर म्हणायचे, "अजून झालं न्हाय व्हय? पाठ करून परीक्षेला बसणार काय तुझी वहिनी?" मी मान खाली घालून सही करायची. माझ्या मनात पक्कं झालं होतं, की वहिनी मला शिक्षा करते आहे. जाणूनबुजून तिच्या जखमेवर बोट ठेवलं असं तिला वाटतंय, म्हणून ती ते पुस्तक माझ्याच हातानं वाहायला लावते आहे. दुसरं एकही पुस्तक तिनं घेतलं नाही. अटींच्या कागदावर नऊच्या पुढं खुणा झाल्या नाहीत. कार्तिकीला उद्यापन होतं. बाकीच्या बायका नारळ घेऊन गेल्या. वहिनी गेली नाही. बोलायला ती पूर्वीइतकीच गोड होती, आणि ते मला जास्तच लागायचं.

वर्षभरात कोर्टात नोकरीला असलेल्या अण्णाची बदली निपाणीला झाली आणि ती दोघं गेली. वहिनीची पत्रं यायची, वेगळी, माझ्या नावानं. मी त्यांना चार ओळींची उत्तरं द्यायची, कारण लिहिताना ते खोटं आड यायचं. दरम्यान मी मराठी नीट वाचायला शिकले. ते पुस्तकही पुरं वाचलं. बरं पुस्तक आहे.

गेल्या मे महिन्यात, कॉलेजची परीक्षा झाल्यावर, मी आठ दिवस राहायचं ठरवून निपाणीला गेले. लढाईमुळं पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालवलेली मोटार संकेश्वरला दोनदा बंद पडली. पोचले तेव्हा वहिनी दारात उभी होती, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. चार वर्षांत ती थोडी भरली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा निजलेला, अण्णा कोर्टात, आम्ही दोघी पुढच्या सोप्यात शेवया वळत बसलो होतो. मी मनाशी ठरवूनच आले होते.

"वहिनी, त्या फुलाच्या पुस्तकाचं एक सांगायचं होतं."

तिचा चेहरा एकदम उजळला. "तुमच्या ध्यानात हाय अजून? किती दिवस वाटायचं, तुमच्याशी बोलावं. पण तुम्ही विषय काढंना झालात, म्हटलं, लहान हायत, लाजत असतील."

तिथं मी थांबायला हवं होतं. तिचं बोलणं मला ऐकू आलं, कळलं नाही. पाठ केलेलं असतं तसं सगळं घडाघडा सांगून टाकलं. मला मराठी वाचता येत नव्हतं, मी नावं लावून पुस्तकं उचलायची, ते तर केवळ जोडाक्षर नव्हतं म्हणून उचललं. वाचलंय म्हणाले ते खोटं. मला माफ करा.

तिच्या बोटांतली शेवई तुटली नाही. ती वळतच राहिली. खाली बघतच तिनं विचारलं, "मग ते असंच आणलं व्हतं?"

"असंच."

"मला वाटलं व्हतं, घरात एकाला तरी तिची आठवण हाय. तोंडानं बोलता येत न्हाय म्हणून पुस्तक आणून दिलं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. शिक्षा म्हणून मी जे सहा-सात आठवडे दप्तरातून वाहिलं, ते ती दर दुपारी पुन्हा पहिल्यापासून वाचत होती, आणि मी तिच्या बाजूची आहे असं समजून चार वर्षं मला पत्रं लिहीत होती. आणि मला खरंच त्या मुलीची आठवण नव्हती. कपाटासमोर उभी असताना नव्हती, आणि आदल्या सगळ्या आठवड्यांतही नव्हती. मी माझ्या खोटेपणाला भीत होते, तेवढंच.

मुलगा उठून रडायला लागला. ती हात पुसून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी भरली. अण्णा दाढी करता करता म्हणाला, "आठ दिवस राहणार होतीस न्हवं गं? आज चौथाच हाय."

मी काही बोलायच्या आधी वहिनी म्हणाली, "जाऊ दे त्यास्नी. अभ्यास असंल."

माझी परीक्षा संपून महिना झाला होता. ते तिला माहीत होतं.