गजभिये मॅडमचे झोपवलेले शिपाई

गजभिये मॅडम स्टाफरूममध्ये बसत नसत. व्हरांड्यात खुर्ची टाकून, तोंडाला मास्क लावून पेपर तपासत. कोणी खोकत आलं की खुर्ची मागे सरकवत आणि म्हणत, "राग नका मानू भैया. माझे शिपाई झोपवून ठेवले आहेत."

जबलपूरच्या आमच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवत, मी रसायनशास्त्र. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा नागपूरच्या सख्ख्या ताईनं स्वतःची एक दिली होती. शिपाई म्हणजे टी-पेशी. वर्गात त्या मुलांना विचारत, "खून में जो कीटाणु घूम रहा है, उसको एंटीबॉडी पकड़ लेगी. जो कोशिका के अंदर छुप गया, उसका क्या?" मग थकल्या आवाजात सांगत, की अशी पेशी आतल्या जंतूचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर आणून ठेवते. टी-पेशी पेशीपेशीला चाचपत फिरते, तो तुकडा ओळखते आणि जंतूसकट त्या पेशीलाच संपवते.

दुसऱ्याची किडनीही टी-पेशीला अशीच परकी वाटते. म्हणून मॅडमना रोज गोळ्या. "शिपाई जागे ठेवावे तर ताईची किडनी जाते," त्या म्हणत. "झोपवावे तर कोणताही ताप घरात घुसते. थकून राहिली मी या राखणीनं."

मग खोकला धरला. टीबी निघाला. कधीकाळी फुप्फुसात शिरलेले जंतू शरीरानं टी-पेशींच्या जोरावर वर्षानुवर्षं कोंडून ठेवले होते. पहारा ढिला पडताच ते बाहेर आले. टीबीच्या औषधांनी किडनीच्या गोळ्यांचा असर कमी होऊ लागला. डॉक्टर मात्रा वाढवत राहिले, तरी शिपाई जागे झालेच. किडनी बंद पडली. पुन्हा डायलिसिस सुरू झालं.

एका दुपारी मी त्यांच्या गढा भागातल्या घरी गेलो. ताई नागपूरहून आल्या होत्या, पायाशी बसून बहिणीचे पाय चेपत होत्या.

"लहानपणी लय मारलं मी तुले," ताई म्हणाल्या. "तुह्या अंगानं तेच ध्यानात ठेवलं असन. म्हणून नाही घेतलं माह्यं."

"नाही वं ताई. अंगाले मार नाही समजत. आपलं का परकं, एवढंच समजते."

"मी परकी काहून? सख्खी बहीण न मी."

"सख्खी असली तरी पेशी थोड्या वेगळ्या राहतात."

"मंग सांगून दे न त्याले, माही बहीण आहे म्हणून."

मॅडमनी डोळे मिटले. "तेच तर सांगून राहिली होती न, इतकी वर्षं. रोज. गोळ्या घेऊ घेऊ."

थंडी ओसरताना मॅडम गेल्या. सगळं उरकल्यावर ताईंनी मला बाजूला बोलावलं.

"भाऊ, तुम्ही सायन्सचे. माही किडनी तिच्या पोटातून काढली होती का?"

"नाही ताई. बंद पडली तरी आतच होती."



"बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकटी नाही गेली."